भिंतीवरच्या सहा रेघा

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

जांभळेवाडी, ता. चंदगड
शनिवार, २६ जुलै २०२५

तीर्थरूप अप्पांना शिवलीलाचा शि. सा. नमस्कार, विनंती विशेष.

आधी तुमच्या डोळ्याचं विचारायला हवं, पण पत्र उघडल्या उघडल्या तुम्ही गाडीचंच शोधणार, म्हणून तेच आधी सांगते. गाडी आवाज करते आहे. आता डोळा कसा आहे ते कळवा. मोतीबिंदू काढून बारा दिवस झाले, म्हणजे पट्टी सुटली असेल. महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि प्रवास करायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला शांभवीनं कळवलंय. तेव्हा हे पत्र वाचून एसटीत बसायचं नाही, हे इथंच बजावते.

वाडीत रेंज नाही हे खरं, पण चंदगडात गेले की मी फोन करते. तुम्ही तो उचलता आणि फोनवर खरखर येते, पत्र लिही, असं सांगून ठेवून देता. तुमच्या सुनेशी, शांभवीशी, मी त्याच फोनवर अर्धा अर्धा तास बोलते, तिला कधी खरखर आली नाही. असो. बाळासो कंडक्टरच्या हातून पत्रं पाठवायची जुनी सवय तुम्हाला सोडवत नसेल तर मलाही आवडते. तो तरी बिचारा आपल्या दोघांना धरून आहे.

आता आवाजाचं. गेल्या मंगळवारपासून खट्खट होते. वेग वाढला की वाढते. तुम्ही मार्चमध्ये आठ दिवस खपून इंजिन सगळं खोललंत, बेअरिंगं नवी घातलीत, तेव्हापासून गाडी अशी चालत होती की हे म्हणायचे, सासऱ्यांनी हिला दुसरा जन्म दिला. जोतिबाच्या डोंगरावर भाविकांना वर-खाली नेऊन दमलेली गाडी तुम्ही घेतलीत, मला दिलीत, आणि आज काट्यावर चार लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर आहेत. तिच्यावर माझा विश्वास आहे. पण हा आवाज मला नवा आहे.

ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आमचा ज्ञानू येऊन ऐकून गेला. हे इंजिन आता गेलंय की आक्का, भंगारातलं दुसरं बघू या, असं तोंडावर सांगून मोकळा झाला. मी त्याला चहा दिला, पण बिस्किट दिलं नाही.

अप्पा, तुम्हाला माहीत आहेच, तरी लिहिते. मंगळवार आणि शुक्रवार ह्यांना डायलिसिसला गडहिंग्लजला न्यावंच लागतं. एसटी जूनपासून वाडीत येत नाही, आणि ओढ्यावरच्या फरशीवरून पाण्यातून यायला भाड्याचा एकही गाडीवाला तयार होत नाही. जूनमध्ये झाड आडवं पडून एक शुक्रवार चुकला. शनिवारी ह्यांना आडवं पडता येईना. छातीत पाणी भरलं होतं, बसूनच श्वास ओढत होते. रविवारी झाड कापून वाट झाली तेव्हा नेलं. तो रविवार मला परत बघायचा नाही.

लहानपणी तुम्ही बोल्ट आवळायचात आणि तो पुरता घट्ट झाल्याचा पान्याचा टक् असा आवाज आला की मी शेडच्या भिंतीवर खडूनं एक रेघ ओढायचे, आठवतं? आठ बोल्ट, आठ रेघा. त्याशिवाय तुम्ही इंजिनाच्या बुडाचा चेंबर बंद करायचा नाहीत. मार्चमध्ये मी नव्हते, तर रेघा कुणी ओढल्या हे विचारायचं राहिलंच.

गाडीवर तुमचा जेवढा जीव आहे त्यातला थोडा लेकीच्या वाट्यालाही येऊ द्यावा.

तुमची
शिवलीला


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, २७ जुलै

चि. सौ. शिवलीला हिला अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद. जावईबापूंनाही सांगणे.

पत्र पोचलं. डोळा उत्तम. पट्टी सुटली, काळा चष्मा लावून बसतो. पेठेतली चार टाळकी येऊन विचारून जातात, मिस्त्री, सिनेमात काम मिळालं की काय. इतकं स्वच्छ दिसतंय की घरातली जळमटं मोजता येतात. ते मी शांभवीला सांगितलं, तर तिनं माझ्या हातात केरसुणी दिली आणि मग वाकायचं नाही हे आठवून परत घेतली.

ज्ञानूला सांग, ट्रॅक्टरवर पिकलेला कान गाडीला लावू नये. माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन पाच महिन्यांत खटखट करत नाही. पंचावन्न वर्षं ह्या पेठेत डिझेलची इंजिनं खोलतोय. दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या गाड्या माझ्या शेडमधून बाहेर पडून आणखी लाखभर किलोमीटर पळाल्यात. रेघा कुणी ओढल्या विचारतेस. मी ओढल्या. तुझ्या बापाला खडू धरता येत नाही होय?

माझा संशय डिझेलवर आहे. तुम्ही लोक पावसाळ्यासाठी डबड्यात डिझेल भरून ठेवता आणि तिकडच्या दमट हवेत त्यात पाणी धरतं. फिल्टरच्या बुडाचा नट सैल करून पाणी निघतं का बघ. निघालं नाही तर एखादं नोजल बिघडलं असेल. ते ओळखायची रीत तुला शिकवली आहे. इंजिन गरम करून चालू ठेव, आणि एकेका नोजलच्या पाइपचा नट थोडा सैल कर, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटेल. ज्याचं तोडल्यावर आवाज थांबेल तो गुन्हेगार. वर फडकं धर, तोंड लांब ठेव, पुन्हा घट्ट आवळ.

आणि आवाज नीट लिही. खट्खट म्हणजे काय? खट्खट तर दारही करतं. गार असताना येतो की गरम झाल्यावर? वरून येतो की खालून? चढावर जास्त की अॅक्सिलरेटर सोडल्यावर? ऑइलचा लाल दिवा लागतो का? मी असतो तर लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली असती. आता तुझा कान तोच माझा कान समज. मोघम लिहू नकोस.

बाकी नेहमीचं. रोज सकाळी ऑइलची पट्टी बघणे. चढ चढल्यावर लगेच बंद न करणे, दोन मिनिटं तशीच धुगधुगू देणे. सेल्फ अशक्त आहे म्हणून उतारावर लावणे. मंगळवारी गाडी बेलाशक ने, फक्त पन्नासच्या वर जाऊ नको. काही होत नाही. मी सांगतोय.

मृत्युंजय नोकरीच्या ट्रेनिंगला नागपूरला आहे, महिनाभर यायचा नाही. घरात शांभवी आणि मी. ती कॅरममध्ये मला हरवते आणि वर म्हणते, डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून सांभाळून घेतलं.

तुम्हा दोघांवर माझा हात आहे, तो असा लांबूनच असला तरी आहे.

तुझे
अप्पा


जांभळेवाडी
मंगळवार, २९ जुलै, दिवेलागण

तीर्थरूप अप्पांना शि. सा. नमस्कार.

आत्ताच परत आलो. हात धुतले आणि लिहायला बसले. उद्या सकाळी ज्ञानू दुधाच्या किटल्या घेऊन चंदगडला जाईल तेव्हा बाळासोच्या पहिल्या गाडीला हे पत्र देईल.

फिल्टरमधून पाण्याचा थेंब निघाला नाही. डिझेल काचेसारखं स्वच्छ होतं.

तुम्ही विचारलंत ते एकेक सांगते. गार असताना आवाज नाही. अडकूरपर्यंत गाडी गुमान होती. नेसरीच्या अलीकडचा चढ चढली, गरम झाली आणि सुरू झालं. आवाज खालून येतो, माझ्या पायांच्या पुढून. आता खट्खट म्हणता येणार नाही. लांबच्या घरात कुणी उखळात मुसळ घालावं तसा ठक्, ठक्, ठक्. चढावर दबतो आणि माथ्यावर पोचून अॅक्सिलरेटर सोडला की एकदम मोठा होतो. नेसरीत बाजारातली माणसं वळून बघत होती. आणि हो, दिवा लागतो. दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबवली तेव्हा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, जरा रेस दिली की विझला.

ह्यांना मशीनवर घेतल्यावर चार तास होते. मी मागच्या आवारात गाडी चालू ठेवून तुमची रीत केली. पहिला पाइप सैल केला, आवाज तसाच. दुसरा, तसाच. तिसरा सैल केला आणि अप्पा, आवाज गेला. पार गेला. पुन्हा आवळला, पुन्हा ठक् ठक्. मी तीनदा करून बघितलं. चौथ्यानं काही फरक पडला नाही. तिसराच आहे.

मग मी तुम्हाला फोन लावला. गडहिंग्लजला रेंज चांगली असते. मी विचारलं, अप्पा, ह्यांना घेऊन ह्याच गाडीनं परत येऊ की इथंच थांबू? तुम्ही म्हणालात, व्हय व्हय, जेवलो, डोळा बरा हाय. मी पुन्हा ओरडून विचारलं. तुम्ही म्हणालात, पत्र लिही, आणि फोन ठेवलात. मला भर आवारात रडू आलं. मी काय विचारते आहे आणि तुम्ही काय सांगता! तुमचं लक्ष कुठं असतं?

चाळीसच्या पुढे न जाता परत आले. वाटेत हे मागच्या सीटवर पडून होते. आवाज त्यांनाही ऐकू येत होता. फरशीच्या अलीकडे म्हणाले, शिवलीला, आता गाडीलाही सुट्टी दे आणि मलाही. हसत म्हणाले. मी हसले नाही. गाडी थांबवून त्यांच्याकडे वळून सांगितलं की असं पुन्हा बोललात तर इथंच उतरवीन. 

शुक्रवारी गाडी काढू की नको, एवढंच लिहा. दुसरं काही लिहू नका. तुम्ही म्हणाल तसं करीन. आजवर तसंच केलंय.

रागावलेली, पण तुमचीच
शिवलीला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार, २९ जुलै

ती. आक्कांना शांभवीचा नमस्कार.

हे पत्र अप्पांना न सांगता लिहिते आहे. वाचून झालं की चुलीत घाला.

आज दुपारी तुमचा फोन आला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. तुमचा आवाज मला पाटाशी बसून ऐकू येत होता, तुम्ही इतकं ओरडत होता. अप्पांना मात्र ऐकू आलं नाही. आक्का, अप्पांना ऐकू येत नाही. गेल्या दिवाळीत एक कान गेला आणि संक्रांतीनंतर दुसरा. ओठ बघून समजून घेतात, म्हणून घरात चालून जातं. फोनवर ओठ दिसत नाहीत. खरखर वगैरे काही नाही.

त्यांनी आम्हा दोघांना देवाची शपथ घातली होती की शिवलीलाला कळवायचं नाही आणि पेठेतही बोलायचं नाही. मिस्त्री बहिरा झाला हे कळलं तर माझ्या शेडपुढे गाडी कोण लावील, असं म्हणतात. इंजिन ऐकून दुखणं ओळखणारा माणूस म्हणून त्यांचं नाव आहे, ते त्यांना सोडवत नाही. ह्यांनी दोनेक हजार विनवण्या करून कानाचं मशीन आणलं, ते हत्यारांच्या पेटीत खालच्या खणात पडून आहे.

मार्चमध्ये तुमची गाडी शेडमध्ये होती तेव्हाची गोष्ट. जेवायला हाका मारून मारून मी दमले. शेवटी शेडमध्ये गेले तर अप्पा गाडीखाली पडून होते, हातात तो लांब टॉर्क पाना. मी वाकून खांद्याला हात लावला तसे एवढे दचकले की डोकं आपटलं. मग पाना ठेवून मुकाट्यानं जेवायला आले. मला फार वाईट वाटलं. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं, शपथ आड आली. आज तुमचा रडवेला आवाज ऐकून राहवलं नाही.

त्यांच्यावर रागवू नका. रागवायचंच असेल तर निम्मा राग माझ्याकडे पाठवा, मी ठेवून घेईन.

तुमची
शांभवी


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार, ३० जुलै, दुपार

चि. सौ. शिवलीला हिला आशीर्वाद.

शुक्रवारी गाडी काढू नको. हे पत्र पुरतं वाचून, त्यात लिहिलेलं होईपर्यंत किल्लीला हात लावू नको.

तुझं पत्र आता दोन वाजता मिळालं. गरम झाल्यावर, खालून, अॅक्सिलरेटर सोडल्यावर जास्त, दिवा लुकलुकतो, आणि तिसऱ्याचं डिझेल तोडलं की बंद. ह्याला नोजल म्हणत नाहीत. तिसऱ्या नंबरचा कनेक्टिंग रॉड सैल आहे. पिस्टनला क्रँकशी बांधणारा तो दांडा. त्याला खालून दोन बोल्ट असतात.

मी उठून शेडमध्ये गेलो. मार्चमध्ये तुझी गाडी लावली होती तिथली भिंत बघितली. त्या वेळी डोळ्यांवर पडदा होता, भिंत पांढुरकी दिसायची एवढंच. आज स्वच्छ दिसली. पोरी, भिंतीवर सहाच रेघा आहेत.

आता लपवून उपयोग नाही. मला ऐकू येत नाही. मार्चमध्येही येत नव्हतं. पान्याचा टक् मला ऐकू येत नव्हता आणि साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर झालीत, त्यामुळे त्याचा झटकाही हाताला धड कळत नव्हता. तरी दुसऱ्याच्या हाती तुझं इंजिन द्यायचं नाही म्हणून मीच आवळायला बसलो. आधी आठही बोल्ट हलके आवळले. मग पक्के आवळायला घेतले. पहिल्या रॉडचे दोन झाले, चौथ्याचे दोन झाले, क्रँक फिरवून दुसऱ्याचे झाले. तेवढ्यात शांभवी जेवायला बोलवायला आली. जेवून आलो तो सगळे झाले अशाच समजुतीनं चेंबर बंद केला. रेघा मोजल्या नाहीत. तुला शिकवलेली गोष्ट मीच केली नाही. आणि रविवारी तुला लिहिलं की खडू मला धरता येतो.

तो बोल्ट सुटला तर रॉड इंजिनाचं पोट फोडून बाहेर येतो आणि चाकं जागेवर धरतात. चढावर, मागून ट्रक येत असताना, मागच्या सीटवर जावईबापू. मंगळवारी गाडी बेलाशक ने असं मी लिहिलं. ते वाक्य भिंत बघितल्यापासून डोळ्यांपुढून हलत नाही. तू मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेणार, म्हणजे वाचून घेणार.

मी येणार होतो. पिशवी भरली होती. शांभवी दारात आडवी बसली आणि म्हणाली, डोळा गेला तर आक्का मला आयुष्यभर माफ करणार नाही. तिचं म्हणणंही खोटं नाही. शिवाय आता मी येऊनही काय करणार? टक् ऐकायला कान तुझाच लागेल.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चंदगड आणि पुढे एसटी, हे जावईबापूंना झेपणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून उद्या गुरुवारी हे काम तू करायचं. ज्ञानूला बोलाव. त्याला सांग, मिस्त्रीनं माफी मागितली आहे. आवाज त्यानं बरोबर ऐकला होता.

आजच्या शेवटच्या गाडीनं बाळासोकडे खोकं देतो. त्यात टॉर्क पाना आहे, आकड्यावर लावून ठेवलाय, मूठ फिरवू नको. तिसऱ्याची नवी बेअरिंगं, दोन नवे नट-बोल्ट, चेंबरचं पॅकिंग. ऑइल चंदगडात मिळेल. गाडी सपाट जागी घे. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही, चारी बाजूंना लाकडाचे ठोकळे. चेंबर उतरव. तिसऱ्याचं झाकण काढ. त्यावरची खूण बघून ठेव, बसवताना उलटं बसता कामा नये. मग क्रँकच्या त्या गोल भागावर नख फिरव. नख गुळगुळीत सरकलं तर नवी बेअरिंगं घाल. नख कुठं अडलं तर क्रँक खराब झाली. मग काही करू नको, गाडी तशीच ठेव, आणि जावईबापूंना कसं न्यायचं ते पुढे बघू. काय बघणार ते मला आत्ता माहीत नाही.

आवळताना आठही बोल्टांना पाना लाव. जे आधीच घट्ट आहेत ते लगेच टक् करतील. प्रत्येकाला एक रेघ. रेघ ओढायला कुणाला तरी बसव, एकटीनं करू नको. एकट्यानं केल्यावर काय होतं ते तू बघते आहेस.

टक् ऐकू आला की मला लिही.

आशीर्वाद द्यायला तोंड उरलेलं नाही, तरी देतो. बापाला दुसरं काही येत नाही.

अप्पा


शुक्रवार, १ ऑगस्ट

तीर्थरूप अप्पांना शि. सा. नमस्कार.

तुमचं आणि शांभवीचं, दोन्ही पत्रं गुरुवारी सकाळी एकदमच हातात पडली. मी इतकी रागावले की वाचून झाल्यावर खोकं उघडायच्या आधी परसात जाऊन उभी राहिले. कान गेले म्हणून नाही. कान कुणाचेही जातात. तुम्ही मला सांगितलं नाहीत म्हणून. तुमच्या नावापायी तुम्ही ह्यांचा जीव पाच महिने दोन सैल बोल्टांवर टांगून ठेवलात. हे लिहिलं नाही तर आतच राहील. आता लिहिलं. झालं.

ज्ञानू नऊ वाजता आला. तुमची माफी सांगितली तर एवढा ओशाळला की अर्धा तास मिस्त्री लई मोठा माणूस, एवढंच म्हणत होता. पाऊस धरलेलाच होता. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ढकलत नेली, ठोकळे लावले, ऑइल घमेल्यात काढलं. तळाशी टॉर्च मारला तर पितळी चमक दिसली. चेंबर उतरवायला दोन तास गेले. मी खाली सरकले आणि तिसऱ्याच्या नटाला पाना लावण्याआधी सहज बोट लावलं. नट बोटानं फिरला.

मी ज्ञानूला हात धरून दाखवलं. तो माणूस झोपेतही बोलतो. पण तेव्हा एवढंच म्हणाला की मंगळवारी तुम्ही घरी पोचलात, हे बसवण्णानंच केलं.

बेअरिंग निघालं ते एका बाजूनं झिजून तांबूस झालं होतं. मग नख. हात साबणानं धुतले, क्रँक फडक्यानं पुसली आणि नख फिरवलं. अप्पा, नख अडलं. मी डोळे मिटले. वर शेडच्या दारात खुर्ची टाकून हे बसले होते, काय झालं विचारत होते. पुन्हा पुसलं, डिझेलनं धुतलं, पुन्हा फिरवलं. सरकलं. जुन्या ऑइलचा कडक झालेला कण होता. खात्री पटेना म्हणून ज्ञानूलाही फिरवायला लावलं. त्याच्याही नखाला काही लागलं नाही.

नवी बेअरिंगं घातली, खूण जुळवून झाकण बसवलं, नवे बोल्ट आधी हलके आवळले. आता पक्के आवळायचे. रेघा ओढायला कुणी तरी हवं, तर हे म्हणाले, मी ओढतो. घरात खडू नव्हता. हे आत गेले आणि देवघरातला विभूतीचा गोळा घेऊन आले. मी म्हटलं, अहो, हा पूजेचा. ते म्हणाले, मग आपण दुसरं काय करतोय?

पहिल्या बोल्टाला तुमचा पाना लावला. ओढला. आणि काही ऐकू आलं नाही. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की ज्ञानूनं हाताच्या अंतरावरून ओरडलेलं मला कळत नव्हतं. माझे दोन्ही कान धड आहेत, अप्पा, आणि मला तुमचा टक् ऐकू येईना. टक् झाला की नाही? आणखी ओढू की थांबू? जास्त ओढला तर बोल्ट तुटेल, कमी ओढला तर पुन्हा तेच. पाऊस थांबायची वाट बघितली. तासभर बघितली. चंदगडचा पाऊस, तो कशाला थांबतोय. तिथं त्या चिखलात उताणी पडून मला पहिल्यांदा कळलं की मार्चमध्ये तुम्ही कसे पडला होता. माझा राग तिथंच निम्म्याच्या खाली आला.

मग तुमचा स्क्रू-ड्रायव्हर आठवला. पान्याच्या दांड्याला कपाळ टेकवलं आणि हळूहळू ओढलं. टक्. ऐकू आला नाही. कपाळाच्या हाडाला कळला. कुणी आतून टिचकी मारावी तसा. मी ओरडून ह्यांना सांगितलं आणि खालूनच बघितलं, ह्यांनी भिंतीवर पहिली रेघ ओढली. पहिल्याचे दोन, चौथ्याचे दोन, दुसऱ्याचे दोन, सहाही पाना लावताच बोलले. तुमच्या सहा रेघा खऱ्या होत्या, अप्पा. बधिर बोटांनी का होईना, आवळलेलं पक्कंच होतं.

तिसऱ्याचा पहिला बोल्ट फिरत राहिला. फिरतोय, फिरतोय, कपाळ दुखायला लागलं, आणि टक्. मग दुसरा. तोही तसाच. आठवी रेघ ओढून ह्यांनी त्या मोठ्यानं मोजल्या. मी गाडीखालीच रडले. ज्ञानूनं बघितलं नाही असं दाखवलं.

पॅकिंग लावलं, ऑइल भरलं आणि संध्याकाळी गाडी चालू केली. दिवा विझला. वीस मिनिटं गरम होऊ दिली, रेस दिली, सोडली. मुसळ नाही, काही नाही. तुमच्यासारखा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली. आत चार लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली गाडी आपली एकसारखी कुरकुरत होती. म्हाताऱ्या माणसासारखी, पण निरोगी.

आज पहाटे निघालो. नेसरीचा चढ तिसऱ्या गिअरवर चढलो, माथ्यावर मी श्वास रोखून अॅक्सिलरेटर सोडला. फक्त पावसाचा आवाज. मागून हे म्हणाले, सासऱ्यांना लिही की सुट्टीचा अर्ज मी मागे घेतला. आता ते मशीनवर आहेत, डाव्या हाताला सुया आहेत, आणि मी त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसून हे लिहिते आहे. तोंडावरची सूज उतरते आहे. भूक लागली म्हणतात.

आता माझं ऐका, म्हणजे वाचा. पेटीच्या खालच्या खणातलं मशीन आजच कानाला लावा. पुढच्या वेळी तुम्हीच आवळा, पान्याला कपाळ लावून. रेघा ओढायला मी येईन. आणि पेठेतल्या लोकांना तुम्हीच सांगा. ज्याला गाडी न्यायची असेल तो नेईल. मी माझी तुमच्याकडेच आणणार.

सैल झालेलं सगळं पुन्हा घट्ट व्हावं, एवढीच देवाकडे आणि तुमच्याकडे मागणी.

तुमची
शिवलीला

ता. क. खालच्या रेघा तुमच्या जावयांनी ओढल्या आहेत. झोपून ओढल्या म्हणून वाकड्या आल्यात. तुमचा डोळा आता नवा आहे, मोजून घ्या.

। । । । । । । ।